नव्या कॅमचा पहिला अर्धा तास



भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठी आमच्या माहितीतले एक कुटुंब आहे. भात निघाले की दीड एकरावर भेंडी करायची आणि नदीवरच्या डिझेल इंजिनाने तिला पाणी द्यायचे, असा त्यांचा परिपाठ. एका साली पाणी कमी पडू लागले म्हणून इंजिन उघडले. नवा पिस्टन, नव्या रिंगा घातल्या; कॅमशाफ्टही नवा टाकला. टॅपेट मात्र “दिसायला चांगले आहेत की” म्हणून जुनेच ठेवले. वर, पाणी जोरात यावे म्हणून गव्हर्नरची स्प्रिंग आवळली.

आठवडाभरातच घरच्या वहिनी म्हणाल्या, “इंजिन टकटक करतंय हो.” टॅपेटची फट जमवली. चार दिवसांनी पुन्हा तीच टकटक, पुन्हा पाना. तिसऱ्या आठवड्यात काळा धूर निघू लागला, ताकद गेली, पंप पाणी उचलेना. ऐन मार्चच्या उन्हात भेंडीचा फुलोरा गळून पडला. इंजिन खोलले तर कॅमचा उंचवटा झिजून सपाट झालेला आणि टॅपेटच्या तोंडाला खड्डा पडलेला!

असे का व्हावे? १५०० फेऱ्यांच्या इंजिनात कॅम त्याच्या निम्म्या वेगाने, म्हणजे मिनिटाला ७५० वेळा फिरतो. तासाभरात प्रत्येक व्हॉल्व्ह ४५ हजार वेळा उघडतो. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा सगळा दाब कॅम आणि टॅपेट जिथे टेकतात त्या चिंचोळ्या रेषेवर येतो. मध्ये असतो तो तेलाचा पातळसा थर. तो तुटला की लोखंड लोखंडाला खाते.

म्हणून इंजिन बांधताना मिस्त्रीजवळ उभे राहा आणि एवढे पाहा :

१. नव्या कॅमला नवेच टॅपेट घालावेत. जुना टॅपेट जुन्या कॅमशी घासून जमलेला असतो. नव्याशी त्याचे जमत नाही. दोन्ही जुनेच घालायचे असतील तर खोलतानाच खुणा कराव्यात आणि ज्याचा त्याच जागी बसवावा.

२. टॅपेट आपल्या भोकात बोटाने सहज फिरला पाहिजे. बऱ्याच इंजिनांत तो चालताना स्वतःभोवती हळूहळू फिरतो, म्हणून झीज एका जागी होत नाही. अडकला की एकाच जागी घासून खड्डा पडतो.

३. बसवताना कॅमच्या उंचवट्यांना आणि टॅपेटच्या तोंडाला इंजिन बांधणीचे दाट वंगण चोपडावे. कोरडे काही बसवू नये.

४. इंजिन सुरू करण्याआधीच ऑइल, पाणी भरून डिझेलमधली हवा काढून ठेवावी. हे न करता हँडलमागून हँडल मारीत बसले तर चोपडलेले वंगण पुसून जाते.

५. सुरू झाल्यावर “जरा गरम होऊ द्या” म्हणून मंद चालवत ठेवू नये. लहान इंजिनांत बहुधा क्रँकने उडवलेल्या तेलावरच कॅम भिजतो. वेग मंद तर तेलही कमी. पुस्तिकेत सांगितलेल्या वेगावर, ओझे न देता पहिला अर्धा तास चालवावे. पुढे ओझे हळूहळू वाढवावे.

६. ऑइल डिझेल इंजिनाचेच आणि पुस्तिकेतल्या प्रतीचे घ्यावे. त्यातील जस्त-फॉस्फरसचे द्रव्य कॅमच्या तोंडावर संरक्षक थर धरते. आजच्या मोटारींच्या पेट्रोल-ऑइलात ते बहुधा कमी असते. पहिले ऑइल लवकर बदलावे, कारण सुरुवातीचा लोखंडी चुरा त्यातच उतरतो.

आता गव्हर्नरबद्दल. ठरल्याहून जास्त वेगात व्हॉल्व्हची स्प्रिंग टॅपेटला कॅमवर धरून ठेवू शकत नाही. तो उडतो आणि घणासारखा आदळतो. शर्यतीच्या मोटारीत हे टाळायला कडक स्प्रिंगा घालतात. मग कॅमवरचा दाब वाढतो. म्हणून काही जाणते कारागीर पहिल्या चालवणीपुरत्या हलक्या स्प्रिंगा लावतात. त्यांचीही ही तऱ्हा, मग आपण गव्हर्नरला हात का लावावा? पाणी जास्त हवे तर फूटव्हॉल्व्ह, पाइपची गळती आणि पंपाचा पंखा आधी तपासावा.

शेवटची खूण घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावी. एकाच व्हॉल्व्हची फट पुन्हा पुन्हा जमवावी लागत असेल, तर पाना बाजूला ठेवा आणि इंजिन थांबवा. झाकण काढून दोन्ही पुशरॉड सारखे उचलले जातात का ते पाहा. ऑइलमध्ये लोहचुंबक फिरवा. वेळीच ओळखले तर टॅपेट आणि कॅमवर भागते. नाहीतर त्यांचा चुरा बेअरिंगपर्यंत जातो.

त्या घरात आता वहिनींनी टकटक म्हटले की इंजिन आधी बंद होते. भेंडी गेल्यावर ही अक्कल आली. आपण ती आधीच घ्यावी.