चितळाला बिस्कीट नाही, मग माशाला ब्रेड का?

मी गोंदियाचा. आमच्याकडे समुद्र नाही. तळी आहेत, आणि नागझिरा आहे. नागझिऱ्यात शिरताना गाईड बजावतो: जिप्सीतून खाली उतरायचं नाही, कुठल्याही प्राण्याला खायला घालायचं नाही. कुणी कुरकुरत नाही. सेल्फीसाठी एखाद्याने चितळासमोर बिस्कीट धरलं, तर त्याच जिप्सीतले लोक त्याला झापतील.

आता मालवणला चला. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणीही अभयारण्यच आहे. १९८७ साली जाहीर झालेलं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. तिथल्या खडकांवरचं प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, झाडही नव्हे. तो प्राणी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात खडक रचणारी प्रवाळं पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच रांगेत.

आणि तिथे चालतं काय? मी स्नॉर्केलिंगला उतरलो, तेव्हा बोटीवरच्या पोराने हातात ब्रेड ठेवला. "मासे जवळ येतात, व्हिडिओ भारी होतो." शेजारचा पर्यटक दमला आणि सरळ प्रवाळावर उभा राहिला. त्याला कुणीही झापलं नाही.

गोलसर प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं. एका लाथेत कित्येक वर्षांची वाढ तुटते. शेवाळ कुरतडणारे मासे प्रवाळाला जागा मोकळी ठेवतात; त्यांना ब्रेडची चटक लावणं म्हणजे माळ्याला कामावरून काढणं.

लगेच उत्तर येतं, "स्थानिकांच्या पोटावर पाय देऊ नका." मान्य. पण ब्रेडवाला व्हिडिओ मागतो कोण? आपणच. व्हिडिओ भारी तर पाच स्टार, नाहीतर "पैसे वाया" म्हणून रिव्ह्यू. प्रवाळ मेलं तर आपण पुढच्या वर्षी अंदमानला जाऊ. मालवणचा बोटवाला कुठे जाईल?

पाण्यावर जगणाऱ्यांना पाणी राखता येत नाही, हेही खोटं. आमच्या अर्जुनी मोरगावकडच्या ढीवर बायांनी तळ्यांतला बेशरम उपटला, माशांना लागणाऱ्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. पोट तळ्यावर होतं, म्हणूनच लावल्या.

तेव्हा मालवणला जरूर जा. बोटीत बसतानाच सांगा: ब्रेड नको, पैसे ठरलेलेच देतो. लाइफ जॅकेट घाला, आडवे तरंगा, पाय खाली सोडू नका. कुणी प्रवाळावर उभा राहिला, तर नागझिऱ्यात झापलं असतं तसंच झापा. व्हिडिओत मासे थोडे कमी दिसतील. दिसू देत.