कॅमेरा, लॅपटॉप आणि एक बॅग

माल भरण्यापूर्वी व्यापारी गोदाम पाहतो. भिंतीला ओल आहे का, दाराचे कुलूप कसे आहे, गाडी दारापर्यंत येते का, याची खात्री करूनच तो भाडे ठरवतो. कॅमेरा आणि लॅपटॉपसाठी बॅग घेताना मात्र तोच व्यापारी रंग, कप्पे आणि सवलत पाहून समाधान मानतो. आज अनेक पेढ्यांतील तरुण पिढी साड्या, दागिने, भांडी यांची छायाचित्रे स्वतःच काढते. काही घरांतील मुले-मुली विवाह आणि पूजा-प्रतिष्ठेच्या प्रसंगी छायाचित्रणाचा स्वतंत्र व्यवसायही करतात. त्यांच्या खांद्यावरील बॅगेत काही लाखांचे भांडवल असते. शिवाय ग्राहकाचा पुन्हा न येणारा एक दिवसही त्याच बॅगेतून घरी परतत असतो.

बॅग निवडण्याचा आरंभ वजनकाट्यापासून करावा. सोनी अल्फा ७ फोर या कॅमेऱ्याचे वजन बॅटरी व कार्डासह सुमारे ६५८ ग्रॅम आहे. त्याच कंपनीच्या २४-७० जी मास्टर लेन्सच्या दुसऱ्या आवृत्तीचे ६९५ ग्रॅम आणि ७०-२०० लेन्सच्या दुसऱ्या आवृत्तीचे १०४५ ग्रॅम. ही बेरीज जवळजवळ २.४ किलो होते. सोळा इंची लॅपटॉपचे साधारण २.१ किलो आणि चार्जर, फ्लॅश, जादा बॅटऱ्या, हार्ड डिस्क मिळून आणखी एक किलो धरल्यास सामानच ५.५ किलोवर जाते. जाड अस्तराची रिकामी बॅग दोन किलोची असेल, तर एकूण भार ७.५ किलो होतो. देशांतर्गत विमानप्रवासात इकॉनॉमी वर्गासाठी हातातील बॅगेची मर्यादा सर्वसाधारणपणे ७ किलो असते. याच हिशेबात सव्वा किलोचा तेरा इंची लॅपटॉप घेतला, तर भार ६.६ किलोवर येतो. रिकाम्या बॅगेचे वजन हा कायमचा वरखर्च आहे. किमतीच्या चिठ्ठीआधी तो विचारावा.

वजनाची मर्यादा ओलांडली आणि विमान कंपनीने बॅग सामानकक्षात टाकण्यास सांगितले, तर दुसरी अडचण उभी राहते. सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानकक्षात ठेवण्यास मनाई आहे; त्या प्रवाशाने स्वतःजवळच बाळगायच्या असतात. १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी सामान्यतः चालते. कॅमेऱ्याची बॅटरी या मर्यादेपेक्षा पुष्कळच लहान असते. त्यामुळे बॅटऱ्या एका छोट्या डबीत, चटकन काढता येतील अशा ठेवण्याची सोय बॅगेत असावी.

आकाराबाबतही एक गफलत नेहमी होते. लॅपटॉपचे इंच हे पडद्याच्या कर्णाचे माप असते, यंत्राच्या लांबी-रुंदीचे नव्हे. म्हणून पंधरा इंचांची खूण पाहून बॅग घेण्याऐवजी लॅपटॉपची लांबी, रुंदी आणि जाडी मोजून न्यावी. लॅपटॉपचा कप्पा बॅगेच्या तळाला टेकलेला नसावा. बॅग जमिनीवर जोराने ठेवली की पहिला आघात तळालाच बसतो.

बॅगेची घडण कामाप्रमाणे ठरते. फिलाडेल्फिया इन्क्वायरर या वृत्तपत्राचे छायाचित्रकार जिम डोमके यांनी कॅनव्हासची मऊ, एका खांद्यावरची बॅग तयार केली. उभ्या उभ्या लेन्स बदलणाऱ्या वृत्तछायाचित्रकारांना ती सोयीची पडली. परंतु लॅपटॉपसह सहा-सात किलोंचा भार दिवसभर एकाच खांद्यावर वाहणे त्रासाचे आहे. त्यासाठी दोन्ही खांद्यांवर भार विभागणारी, कमरेला पट्टा असलेली पाठीवरची बॅगच योग्य. तिची मुख्य चेन पाठीकडील बाजूस असेल तर गर्दीत मागून कोणी ती उघडू शकत नाही. ठळक नाममुद्रा नसलेली, साधी दिसणारी बॅग स्थानकावर चोराच्या नजरेत कमी भरते.

कापडाची चौकशी स्पष्टपणे करावी. कॅनव्हासच्या अनेक बॅगांना पट्टे आणि मुठी चामड्याच्या असतात. ज्या घरांत चामडे वर्ज्य आहे, त्यांनी जाड विणीच्या नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची बॅग पाहावी. ती हलकी असते आणि पावसातही टिकते. सोबत पावसाचे वेगळे आवरण हवेच, कारण पाणी बहुधा चेनच्या शिवणीतून शिरते. घरी आल्यावर मात्र कॅमेरा बॅगेत बंद ठेवू नये. भिजलेले अस्तर ओल धरून ठेवते आणि कोकणासारख्या दमट हवेत लेन्सवर बुरशी चढते.

आता मुख्य मुद्दा. कॅमेरा आणि लॅपटॉप एकाच बॅगेत ठेवणे सोयीचे असले, तरी त्यामुळे सगळी जोखीम एका ठिकाणी गोळा होते. कार्यक्रम संपल्यावर छायाचित्रे लॅपटॉपवर उतरवली, मूळ कार्डे त्याच बॅगेत ठेवली आणि ती बॅग रेल्वेत हरवली, तर मूळ आणि प्रत दोन्ही एकदम जातात. यंत्रांची भरपाई विमा करील. वधूच्या पाठवणीचे छायाचित्र कोणताही विमा परत देणार नाही. म्हणून कार्डांची लहान डबी बॅगेबाहेर, अंगावरील आतल्या खिशात ठेवावी आणि तिसरी प्रत हार्ड डिस्कवर घेऊन ती सोबतच्या दुसऱ्या माणसाकडे द्यावी. बॅगेत कार्डांसाठी कितीही सुबक कप्पा असला, तरी परतीच्या प्रवासात तो रिकामाच असावा.

प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा आणि त्या बिलांची प्रत घरी राहू द्यावी. विमापत्रातील राखणीविना उभ्या वाहनातून झालेल्या चोरीसंबंधीचे कलम आधीच वाचावे, कारण अशा चोरीची भरपाई अनेकदा वगळलेली असते. शेवटी, खरेदीला जाताना सर्व सामान सोबत न्यावे, दुकानातच ते बॅगेत भरून पाहावे आणि बॅग पाठीवर घेऊन एक जिना चढून उतरावा. खांदा आणि कंबर यांचा कौल मिळाल्यावरच पैसे मोजावेत.