बिघडला कंट्रोलर, ओरडा मुलाला

ईदीचे पैसे साठवून मुलगा गेमचा कंट्रोलर आणतो. सात-आठ महिने बरे जातात. मग एक दिवस पडद्यावरचा माणूस कुणी बोटही न लावता आपोआप डावीकडे चालू लागतो. अब्बा म्हणतात, "आपटला असशील." अम्मी म्हणते, "रात्रंदिवस दाबत बसल्यावर दुसरं काय होणार?" मुलगा शपथा घेतो, पण घरात त्याचे कोण ऐकतो! अशी दोन प्रकरणे यंदा आमच्यापर्यंत आली. आम्ही शिकवतो उर्दू आणि मराठी, पण मोहल्ल्यात मास्तर तो मास्तर, विजेची वस्तूही त्याच्याचकडे येते.

दोन्ही वेळा आम्ही मुलाच्या बाजूने साक्ष दिली. तिची कारणे इथे सविस्तर लिहितो, कारण असा ओरडा आणखी बऱ्याच घरांत चालू असणार.

कंट्रोलरवर अंगठ्याने फिरवायची एक बुटकी दांडी असते. तिच्याखाली कार्बनचा बारीक पट्टा असतो आणि त्या पट्ट्यावर धातूची पत्ती घासत फिरते. पत्ती कुठे टेकली आहे त्यावरून दांडी किती कलली हे यंत्राला कळते. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना खरखर व्हायची, आठवते? त्या बटणाखालीही असाच पट्टा असायचा. घासून घासून तो झिजतो, त्यावर धूळ बसते, आणि दांडी सरळ उभी असतानाही यंत्राला वाटते की ती कलली आहे. मुले याला 'ड्रिफ्ट' म्हणतात. आपटल्याने कंट्रोलर फुटेल, बटण अडकेल. पण हळूहळू वाढत जाणारा ड्रिफ्ट बहुतेक वेळा झिजेचा असतो. आणि खेळण्यासाठी केलेली वस्तू खेळल्याने झिजली, तर तो खेळणाऱ्याचा गुन्हा कसा?

हे दुखणे फक्त आपल्या गल्लीतले नाही. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा 'स्विच' मार्च २०१७ मध्ये बाजारात आला. त्याच्या 'जॉय-कॉन' कंट्रोलरमध्ये ड्रिफ्टची इतकी ओरड झाली की २०१९ मध्ये अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले. २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. २०२३ मध्ये युरोपातल्या ग्राहक यंत्रणांपुढे कंपनीला कबूल करावे लागले की हमीची मुदत संपली असली तरी हा दोष फुकट दुरुस्त करून देऊ. इतक्या मोठ्या कंपनीने मान तुकवली, तिथे आपण आठवीतल्या पोराचा कान कशाला पिरगळायचा?

यावर उपाय नवा नाही, हे विशेष. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये चुंबक आणि विजेच्या प्रवाहाचा एक परिणाम शोधून काढला. त्याच्या आधाराने दांडीची जागा काहीही न घासता ओळखता येते: दांडीला चुंबक, समोर त्याचा कल ओळखणारा भाग, आणि दोघांमध्ये मोकळी जागा. जे घासतच नाही ते झिजणार कुठून? सेगा कंपनीने १९९८ च्या 'ड्रीमकास्ट'मध्ये ही पद्धत वापरली होती. तरीही आज प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सच्या साध्या कंट्रोलरमध्ये घासणारा पट्टाच आहे. दुसऱ्या लहान कंपन्या चुंबकाचे कंट्रोलर त्यांच्याहून कमी किमतीत विकतात. म्हणून दुकानात गेल्यावर रंग आणि दिवे बघण्याआधी 'हॉल इफेक्टचा आहे का?' एवढे विचारा. दुकानदार गोंधळला तर डब्यावर वाचा, ज्यात असते ते तसे छापतातच. मात्र तो आपल्या यंत्राला चालतो का, हेही त्याच वेळी बघून घ्या.

सोनीने जानेवारी २०२३ मध्ये एक महागडा कंट्रोलर काढला, 'ड्युअलसेन्स एज'. त्यात दांडीचा पूर्ण भाग घरच्या घरी काढून नवा बसवता येतो. किंमत साध्याच्या जवळजवळ तिप्पट. म्हणजे ही सोय करता येते हे कंपनीला ठाऊक आहे. ती फक्त श्रीमंताच्या पोरासाठी राखून ठेवली आहे. साध्या कंट्रोलरमध्ये हा भाग सोल्डर केलेला असतो. मोबाइल दुरुस्तीवाला, हात चांगला असेल तर, तो बदलून देतो. नव्या कंट्रोलरचा विचार करण्याआधी त्याच्याकडे जाऊन यावे. एक्सबॉक्सच्या साध्या कंट्रोलरमध्ये अजून दोन पेन्सिल सेल घालावे लागतात म्हणून मुले त्याला हसतात. आम्हाला ती गोष्ट फार आवडते. आतली बॅटरी म्हातारी झाली म्हणून पूर्ण कंट्रोलर टाकून द्यायची वेळ तरी येत नाही.

कंट्रोलरचा दोष निदान हाताला लागतो. गेमच्या रचनेतला दोष आणि गुण दोन्ही सहसा ध्यानात येत नाहीत, आणि पालक तर पडद्याकडे पाठ करूनच बोलतात. 'किती वेळ खेळतोस' हे रोज विचारतात, 'काय खेळतोस' हे क्वचित.

आमच्या पिढीने टीव्हीला जोडायच्या त्या गेममध्ये कॅसेट घालून, ती चालली नाही की फुंकर मारून, 'सुपर मारिओ' खेळलेला आहे. १९८५ चा हा गेम. आता शिकवण्याच्या धंद्यात पडल्यावर त्याचा पहिला टप्पा आम्ही पुन्हा पाहिला आणि बीएडला लिहिलेली पाठ टाचणे आठवली. एका शब्दाची सूचना नाही. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा. मूल आपोआप उजवीकडे चालते. समोरून एकच शत्रू हळू येतो. उडी मारायला शिका, नाहीतर मरा, आणि मेलात तर फार तर चार पावलांचे नुकसान. पुढे पायऱ्यांच्या दोन टेकड्या, मध्ये फट, पण फटीत जमीन आहे. पडलात तरी जीव जात नाही. लगेच पुढे तशाच दोन टेकड्या, आणि या खेपेला मध्ये खरा खड्डा. आधी चूक करू द्यायची, मग परीक्षा घ्यायची! आमच्या कित्येक पाठ्यपुस्तकांना हा क्रम जमलेला नाही.

याच्या उलट रचना म्हणजे पैसे भरून उघडायची पेटी. आत काय निघेल ते नशिबावर. तलवार निघेल, टोपी निघेल, नाहीतर कालचेच काहीतरी निघेल; मग आणखी एक पेटी. पत्त्यांवर पैसे लावणाऱ्याला आपल्या घरात कुणी चहा विचारणार नाही, पण तोच डाव रंगीत पेटीत घालून बारा वर्षांच्या मुलापुढे ठेवला की आपण त्याला खेळ म्हणतो. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा विकतच्या पेट्यांना सरळ जुगार ठरवले. आमचेही मत तेच. मूल तासभर मारिओ खेळले तर आम्ही काही म्हणणार नाही, पण अशी एक पेटी उघडली तर जरूर बोलू.

आता 'मॉड'. हा शब्द घरात कानावर पडला तर एकदम भडकू नका आणि एकदम खूशही होऊ नका, कारण याचे दोन अर्थ आहेत.

पहिला अर्थ: गेम उघडून त्यात आपले काहीतरी घालणे. 'डूम' हा गेम १९९३ मध्ये आला तेव्हा करणाऱ्यांनी त्यातले नकाशे आणि चित्रे मुद्दाम वेगळ्या फाइलीत ठेवली, की इतरांना ती बदलता यावीत. पुढे 'हाफ-लाइफ' आला. त्यावर दोन तरुणांनी हौसेने एक मॉड केला, त्याचे नाव 'काउंटर-स्ट्राइक'. मूळ कंपनीने रागावण्याऐवजी त्यांना नोकरी दिली. आपल्या मुलांच्या तोंडी असलेल्या 'पबजी'चे मूळही मॉडमध्येच आहे. ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसाने 'आर्मा' नावाच्या लष्करी गेमवर आधी हौस म्हणून तसला डाव बसवला होता. हत्यारांचे हे खेळ आम्हाला फारसे रुचत नाहीत, ते असो. पण दुसऱ्याची वस्तू उघडून, समजून घेऊन तिच्यात भर घालणे हा हुनर आहे.

दुसरा अर्थ आपल्याकडे जास्त चालतो: 'मॉड एपीके'. कुणीतरी गेमची चोरटी प्रत फुकट नाणी भरून देतो. ती मोबाइलवर टाकायची तर 'अज्ञात स्रोत' ही अडवणूक मुलाला स्वतः काढावी लागते. मग ते ॲप मेसेज वाचायची परवानगी मागते. मोबाइल अब्बांचा, त्यातच बँक, त्यावरच ओटीपी. गेमला मेसेज कशाला वाचायचे असतात, हे मुलाला शांतपणे विचारा. उत्तर त्याचे त्यालाच सापडते. आणि घरात मोबाइल एकच असेल तर असले ॲप आजच काढून टाका, थांबू नका.

आमच्या वर्गातला एक मुलगा सध्या पहिल्या अर्थाचे काम करतो आहे. 'माइनक्राफ्ट' गेममधल्या प्रत्येक ठोकळ्याची बाजू म्हणजे सोळा बाय सोळा चौकटींचे चित्र, एकूण २५६ घरे. ते चित्र बदलायची मुभा गेममध्येच आहे. त्याने मशिदीच्या जाळीची आठ टोकांची चांदणी आलेखाच्या कागदावर काढली, घरे मोजली आणि रंगवली. अडचण अशी की सोळा ही सम संख्या, त्यामुळे चांदणीचा मध्य एका घरावर येत नाही, चार घरांच्या कोपऱ्यावर येतो. दोन दिवस तो त्यावरच अडला होता. शेवटी गणिताच्या बाईंनी त्याला मध्यभागी चार घरे एकाच रंगाची करायला सांगितले. आता शेजारचे ठोकळे नीट जुळतात, फक्त कडेची रेघ दुप्पट जाड दिसते. ती कशी बारीक करायची यावर मधल्या सुट्टीत वाद चालू आहे.