तिकीट पाहण्याचे, चेहऱ्याचे नव्हे

चैत्र-वैशाखात बारामती आणि इंदापूर तालुक्यांत गावोगाव यात्रा भरतात. दिवसा देवाची पालखी आणि कुस्त्यांचा आखाडा, रात्री तमाशाचा फड किंवा अलीकडे निव्वळ लावणीचा कार्यक्रम, हा क्रम जुनाच आहे. नवे आहे ते रंगमंचासमोरचे दृश्य. गण आटोपून गवळणीला घुंगरू वाजू लागले की पूर्वी फेटे नि टोप्या उडत. आता शेकडो हात एकदम वर जातात आणि प्रत्येक हातात मोबाईल असतो. वगनाट्य सुरू होण्यापूर्वीच नाचणारीचे चित्र गावाच्या आणि तालुक्याच्या पलीकडे पोहोचलेले असते. शेजारच्या दौंड तालुक्यात चौफुल्याच्या कलाकेंद्रांची बैठक असो की बारामतीच्या एखाद्या हॉटेलात मैत्रिणीच्या वाढदिवसाला जमलेल्या कॉलेजच्या मुली असोत, रात्रीच्या करमणुकीच्या जागी गेलेल्या कोणाचाही चेहरा आज त्याचा स्वतःचा राहिलेला नाही.

हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा आहे असे समजून पुष्कळजण तो हसण्यावारी नेतात. वस्तुतः तो श्रमाचा आणि प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. बारामतीच्या वस्त्रोद्योग संकुलात शिलाईयंत्रावर बसणारी कामगार स्त्री पाळी संपली की घरी जाते. तिचे काम तिच्या मागोमाग घरी येत नाही, मुलीच्या शाळेत पोहोचत नाही. फडात नाचणारी स्त्रीदेखील पोटासाठी पाळीच करीत असते. तिची पाळी मात्र संपतच नाही. समजा, तिची मुलगी बारामतीत वसतिगृहात राहून शिकते आहे. आईने आपला धंदा नि मुलीचे शिक्षण यांच्यामध्ये मोठ्या कष्टाने एक भिंत उभी केली आहे. कोणा अनोळखी प्रेक्षकाने सहज म्हणून पुढे पाठविलेली अर्ध्या मिनिटाची फीत ती भिंत एका रात्रीत पाडते. पाडणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

तिकीट काढणाऱ्याने काय विकत घेतलेले असते? त्या रात्री, त्या जागी बसून कला पाहण्याचा हक्क. चित्र सोबत नेण्याचा आणि हजारो अनोळखी माणसांत ते वाटण्याचा हक्क त्यात नाही. आणि या वाटपातून पैसा होतो तो कोणाच्या खिशात जातो? चित्रफिती जमवून वाहिनी चालविणाऱ्याच्या आणि त्याहून अधिक परदेशी कंपन्यांच्या. नाचणारीला मिळते ती ठरलेली बिदागी. तिच्या मेहनतीवर पुढे जाहिराती खपतात त्यात तिचा छदामही नसतो. काही कलावंत प्रसिद्धीसाठी आपल्या फिती स्वतःच प्रसृत करतात, त्यामुळे सुपाऱ्याही वाढतात, हे खरे. परंतु स्वतःहून देणे आणि न विचारता नेले जाणे यांतला भेद कष्टकऱ्यांच्या चळवळीला तरी समजावून सांगावा लागू नये.

न विचारता नेण्याची मजल कोठवर जाते हे २०२३ च्या फेब्रुवारीत दिसले. एका लोकप्रिय लावणी नर्तिकेचे कपडे बदलताना चोरून चित्रण झाले व ते सर्वत्र फिरविले गेले. पुण्यात गुन्हा नोंदविला गेला. फडाच्या मागे कनातीने आडोसा केलेली राहुटी हीच या स्त्रियांची एकमेव खाजगी जागा. पेटीवर आरसा टेकवून तिथेच त्या रंग लावतात, तिथेच तान्ह्या मुलाला पाजतात. त्या कनातीला पडलेले भोक बुजविणे ही कोणाची जबाबदारी? समाजाने त्या वेळी चर्चा केली ती मुख्यत्वे नाच अश्लील होता की नाही याची. चोरी झाली तिच्या घरी, आणि चौकशीही तिचीच!

सरकारची दृष्टीही याहून फारशी निराळी नाही. २००५ साली महाराष्ट्रात डान्स बारवर बंदी आली, तेव्हा तारांकित हॉटेलांना कायद्याने मोकळीक दिली होती. गरिबाच्या पोरीने मध्यमवर्गीयांपुढे नाचले तर नीती बुडते, श्रीमंतांपुढे नाचले तर बुडत नाही, असा त्याचा अर्थ. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरविलेला निर्णय कायम केला. मग २०१६ चा नवा कायदा आला. त्याच्या नावात स्त्रियांची प्रतिष्ठा राखण्याची भाषा होती आणि त्याखालील अटींत नाचाच्या जागेवर कॅमेरे बसवून चित्रण तीस दिवस जपून ठेवण्याची सक्ती होती. १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणाचा भंग म्हणून ही सक्ती रद्द केली. तत्पूर्वी २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले होते. हा हक्क बंगल्यात राहणाऱ्यांपुरता नाही, राहुटीत राहणाऱ्यांचाही आहे, एवढाच या दोन निर्णयांचा एकत्रित अर्थ.

कायदा याहूनही पुढे गेलेला आहे. तो फडापर्यंत पोहोचलेला नाही इतकेच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलावंताच्या सादरीकरणाला संरक्षण आहे. त्यातील कलावंतांच्या व्याख्येत नट, गायक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू आणि गारुडीही येतात. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या सादरीकरणाच्या चित्रणाचा अनन्य हक्क कलावंताला दिला. प्रेक्षकाने केवळ स्वतःपुरते चित्रण करण्याला कायद्याची मुभा आहे; प्रसार ही वेगळी गोष्ट. भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाने स्त्रीचे खाजगी स्थितीतील चोरटे चित्रण हा गुन्हा आहेच. शिवाय तिने चित्र काढू दिले पण इतरांना दाखविण्यास संमती दिली नसेल, तर ते पसरविणे हाही गुन्हा आहे. पाहणे एक आणि पसरविणे दुसरे, हा विवेक कायद्याने केला आहे. समाजाने तो अद्याप करावयाचा आहे.

यावर एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जाईल. मोबाईलचा कॅमेरा हे आज गरिबाच्या हातातले हत्यार आहे. पोलिसांची लाठी, मुकादमाची दमदाटी, रेशन दुकानातील मापातले पाप त्यानेच उघडकीला आणले. मग त्याला आवर कशासाठी? उत्तर असे की, कॅमेरा कोणाच्या दिशेने रोखला आहे यावर त्याचा न्याय ठरतो. सत्ता चालविणाऱ्याने सार्वजनिक कामात तोंड लपविण्याचे कारण नाही. सत्ता नसलेल्याला मात्र तोंड लपविण्याची मुभा हीच कित्येकदा त्याची शेवटची ढाल असते. छाप्यात पकडलेल्या बारबाला तोंडावर ओढणी घेतात आणि वार्ताहर त्या ओढणीवर दिवा मारतात, ते चित्रण कोणत्या अन्यायाला वाचा फोडते?

दुसरा धोका उलट दिशेने येतो. खाजगीपणाच्या नावाखाली गावातील दंडेलांनी मोबाईल हिसकावावेत, किंवा हॉटेलात दिसलेल्या मुलीचा फोटो तिच्या भावाकडे पाठवून घराण्याच्या अब्रूचे रक्षण केल्याचा आव आणावा, हे चालणार नाही. मुलीवर पाळत ठेवणारी ही जातीची चौकी मोबाईलमुळे अधिक बळकट झाली आहे. मुलीने रात्री कोठे जावे हा तिचा प्रश्न होय. तिची छबी कोठे जाते हाही तिचाच प्रश्न.

म्हणून नियम हवेत ते लोकांनी एकत्र बसून केलेले. बर्लिनमधील काही नृत्यगृहांत दारातच मोबाईलच्या भिंगावर कागदाची चिकटी लावतात. तेथे पोलीस उभा नसतो, रीत उभी असते. तशी रीत इकडेही घालता येईल. यात्रा कमिटी फडाला सुपारी देते तेव्हा चित्रणाची अट लेखी असावी, आणि ती कलावंतांना विचारून घातलेली असावी. राहुटी चारी बाजूंनी पक्की बंद असावी व तिच्या आसपास मोबाईल चालू नये. गणाच्या वेळी हवे तेवढे फोटो घ्यावेत. पुढे मोबाईल खिशात ठेवावा, असे सोंगाड्याने आपल्या पद्धतीने सांगितले तर प्रेक्षक हसत ऐकतील. हॉटेलात आपल्या टेबलाचे चित्र घेताना शेजारचे टेबल त्यात येऊ देऊ नये. मालकाने हे दोन ओळींत भिंतीवर लिहावे.

कमिट्यांमध्ये बसणारे पुष्कळ कार्यकर्ते चळवळीशी संबंधित आहेत. हे काम त्यांना येत्या यात्रेतच करता येईल. तथापि सुरुवात त्यांनी स्वतःच्या खिशापासून करावी. विरोधी पुढारी कलाकेंद्रात बसल्याचा फोटो हाती आला की तो मोठ्या उत्साहाने पुढे पाठविला जातो. पुढाऱ्याचे त्याने फारसे बिघडत नाही. तो पुढच्या निवडणुकीत पुन्हा उभा राहतो. त्या चित्राच्या कोपऱ्यात उभी असलेली, जिचे नावही कोणी विचारले नाही, ती स्त्री मात्र आयुष्यभर त्या चित्रात अडकून पडते. तिला त्यातून सोडविण्याचा सोपा उपाय प्रत्येकाच्या अंगठ्याखाली आहे. आलेले चित्र पुढे पाठवू नये.