आधी किड्याचं पान वाढा

सरडा पाळणाऱ्यांविषयी माझी मुळीच तक्रार नाही. कुणी कुत्रा पाळतं, कुणी संकष्टी पाळतं. आमच्या शाखेत तर दोघेजण वेळसुद्धा पाळतात. माझं भांडण आहे ते सरड्याच्या डब्याशी. म्हणजे त्याला जे जिवंत किडे खायला घालतात, त्यांना घरोघर ज्या हलाखीत ठेवलं जातं, तिच्याशी.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण आमच्या छत्रपती संभाजीनगरात आता मोडीत काढायला हवी. तो दिवाणखान्यात आला आहे. अर्थात हा आपल्या बाभळीवरचा नव्हे. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, गळ्याखाली काटेरी दाढी असलेला 'बिअर्डेड ड्रॅगन'. देशी घोरपड किंवा तारा कासव घरात ठेवाल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली पिंजऱ्यात तुम्हीच जाल. परदेशी इग्वाना वगैरे मंडळींचीही २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारदरबारी नोंद करावी लागते. म्हणजे सरपटणाऱ्यांचंही केवायसी आलं! पण त्यांच्या पुढ्यात जो रातकिडा पडतो, त्याची नोंद कुणाच्याच वहीत नाही.

दुकानातून हे रातकिडे येतात ते प्लास्टिकच्या डबीत. झाकणाला चार भोकं, तीही उपकार केल्यासारखी. घरी आल्यावर डबी टीव्हीच्या मागे जाते आणि तीन दिवस आत अन्नाचा कण जात नाही. मी एका सरडामालकाला विचारलं, तर तो म्हणाला, "अहो, शेवटी मरायचंच आहे त्यांना!" युक्तिवाद बिनतोड आहे. पण तो निवृत्तीला आलेल्या कारकुनालाही लागू पडतो. तरी कॅन्टीनमध्ये त्याला चहा मिळतोच की!

प्रश्न नुसत्या दयेचा असता तर मी बोललोही नसतो. दया हे माझं खातं नव्हे. प्रश्न हिशेबाचा आहे. उपाशी रातकिडा म्हणजे खात्यात शिल्लक नसलेला चेक. सरडा तो मोठ्या विश्वासाने गिळतो आणि आत गेल्यावर चेक वटत नाही. किड्याच्या पोटात जे असेल तेच सरड्याच्या अंगी लागायचं. म्हणून जाणकार लोक सरड्याच्या जेवणाआधी एक-दोन दिवस किड्यांना पालेभाजी, गाजर, कोंडा असं पोटभर घालतात. आधी किड्याचं पान, मग सरड्याचं.

त्यातून रातकिड्याच्या अंगात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम नावाला. म्हणून कॅल्शियमच्या भुकटीत त्याला घोळवावं लागतं, शंकरपाळ्यांना पिठीसाखर लावतात तसं. हे केलं नाही आणि अतिनील किरणांचा दिवाही लावला नाही, तर सरड्याची हाडं मऊ पडतात, जबडा लिबलिबीत होतो, पाय वाकडे होतात. मग मालक कौतुकाने सांगतो, "हल्ली फार शांत झालाय हो!" शांत कसला, त्याला उठताच येत नाही.

आणि उपाशी किडा गप्प बसत नाही. पाच खाल्ले, दहा उरले आणि ते रात्री पेटीतच राहिले, तर झोपलेल्या सरड्यालाच कुरतडतात. डबा माणसाला खातो, असा प्रकार जगात दुसरीकडे कुठे नसेल.

बी.कॉम.ला आम्हाला खेळतं भांडवल शिकवलं होतं. हे तर उड्या मारणारं भांडवल! ते ठेवायला फार लागत नाही. उंच गुळगुळीत डबा, वर जाळी, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावलेले. पाण्याची वाटी मात्र नको, कारण रातकिडा वाटीत बुडून मरतो. ज्या गावाने नळाची आठ-आठ दिवस वाट पाहिली, तिथे बुडून मरणं ही चैन आहे. त्यापेक्षा गाजराची चकती ठेवा, पाणीही तीच आणि जेवणही तेच. मेलेले रोज काढा. मे महिन्यात डबा गच्चीखालच्या खोलीत ठेवाल, तर संध्याकाळी सगळेच काढावे लागतील.

पिठातल्या अळ्यांचं, म्हणजे मेलवर्मचं, त्या मानाने सोपं. कोंड्यात घालून फ्रिजच्या सर्वांत कमी गार कप्प्यात ठेवल्या की त्या सुस्त पडतात. पण आठवड्यातून एकदा बाहेर काढून त्यांना दिवसभर खाऊ द्यावं लागतं. आणि डब्यावर चिठ्ठी लावावी. आमच्या एका सहकाऱ्याच्या सासूबाईंनी शेवयांची खीर करायला घेतली होती, एवढंच सांगतो.

काहींना हाही खर्च नको असतो. ते मोरीतलं झुरळ पकडून घालतात, आणि आदल्या रात्री त्याच मोरीत औषध मारलेलं असतं. दुसऱ्या टोकाला 'आमच्या घरात किडे चालत नाहीत' म्हणून सरड्याला पनीर चारणारे आहेत. नागपंचमीला नागाला दूध पाजण्याची परंपरा अशी नव्या रूपात टिकून आहे. किडे चालत नसतील तर सरडा आणू नये. पोपट आणा म्हणावं, तर देशी पोपट पाळणंही त्याच १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे.

अळी पाळावी कशी हे शिकायला लांब जायला नको. आपल्या मराठवाड्यातच तुतीवर रेशीम किडे पाळणारे शेतकरी आहेत. २०१८ साली जालन्याला कोषांची बाजारपेठ सुरू झाली. त्याआधी ते कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जात. ती अळीही शेवटी मरायचीच असते, उकळत्या पाण्यात. पण तोवर शेडमध्ये शिरताना हात धुवायचे, चुना भुरभुरायचा, ओला पाला घालायचा नाही आणि अळी कात टाकायला बसली की घासही द्यायचा नाही.

पैठणकडचे असे एक खातेदार माझ्या काउंटरला येतात. परवा शेजारच्या काउंटरवर आमचे सरडामालक सहकारी डबीची तीच कहाणी सांगत होते. यांनी ती पूर्ण ऐकली.

"तीन दिस उपाशी? अन् मग कसं वो सायेब? आमच्या अळीला रातच्याला बी उठून पाला टाकावा लागतो."

"काका, ते कोषासाठी. हे नुसतं सरड्याला घालायचं असतं."

काकांनी पासबुक खिशात घातलं, जरा विचार केला आणि विचारलं, "मग ह्यो सरडा किती किलो कोष देतो?"