यादी कुठे कापायची?

एका मतदान केंद्रावर जास्तीत जास्त 1200 मतदार असावेत, असे केंद्रीय निवडणूक आयोगाने 2025 मध्ये ठरवले. त्याआधी ही मर्यादा 1500 होती. निर्णय योग्यच आहे. सकाळी 7 ते सायंकाळी 6 म्हणजे 660 मिनिटे. महाराष्ट्रात 2024 च्या विधानसभा निवडणुकीत सुमारे 66 टक्के मतदान झाले. तो हिशेब धरला तर 1500 नावांच्या केंद्रावर एका मतदाराच्या वाट्याला 40 सेकंद येतात, 1200 नावांच्या केंद्रावर 50. शिवाय हे माणसे दिवसभर सारख्या संथ गतीने येतात असे मानून, आणि तसे कुठेच होत नाही. मर्यादा खाली आली की मोठ्या याद्या फोडाव्या लागणार, हे ओघानेच आले. त्या कुठे फोडायच्या, याची चर्चा मात्र होताना दिसत नाही.

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट रीत म्हणजे वरून मोजत जायचे आणि 1200 भरले की रेघ मारायची. 1260 नावांची यादी अशी कापली तर उरलेल्या 60 जणांसाठी वेगळे केंद्र, वेगळी खोली, वेगळे मतदान यंत्र, केंद्राध्यक्ष आणि त्याच्या हाताखालचे मतदान अधिकारी, आणि शेजारच्या खोलीत पूर्वीइतकीच गर्दी. त्यापेक्षा गट किती हवेत ते आधी ठरवावे आणि मग नावे वाटावीत; दोन्हीकडे 630 येतील. पण इथेही थांबून चालत नाही, कारण 630 वे नाव एखाद्या घराच्या मधोमध येऊ शकते. सासरा खोली क्रमांक 3 मध्ये, सून खोली क्रमांक 4 मध्ये, आणि दोघे मिळून तिसऱ्याच रांगेत उभे! मतदार यादीतली नावे घर क्रमांकाने लावलेली असतात. वाडी, गल्ली, इमारत हे त्या यादीचे नैसर्गिक सांधे आहेत. सांध्यावर कापले तर एका गटात 600 आणि दुसऱ्यात 660 येतील. वरच्याच टक्केवारीने पाहिले तर हा दिवसभरात 40 माणसांचा फरक. रांगेतल्या कुणालाही तो जाणवणार नाही. घर फुटलेले मात्र लगेच जाणवते. म्हणून गट तंतोतंत सारखे करण्याचा हट्ट सोडावा आणि थोडी कमीजास्त संख्या खुशाल चालवून घ्यावी. हे काही नवे तत्त्व नाही. राज्यात महापालिकांची प्रभागरचना करताना प्रभागाची लोकसंख्या सरासरीच्या 10 टक्के इकडेतिकडे चालते, आणि जनगणनेचा प्रगणक गट शक्यतो फोडत नाहीत. रस्ते, नाले, रेल्वेमार्ग पाहून सीमा आखतात. प्रभागाला जे लागू, ते केंद्राला का नको?

यावर एक वजनदार आक्षेप आहे. मोजून कापण्यात कुणाचा हात नसतो. सांधा बघून कापायची मुभा दिली की कोणती चाळ कुणाकडे जाते याचे राजकारण सुरू होईल. प्रभागरचनेवरून दर वेळी उठणारे वाद पाहता ही भीती पोकळ म्हणता येत नाही. पण प्रभागाची सीमा सरकली तर निकाल बदलू शकतो. केंद्राची सरकली तरी मतदारसंघ तोच राहतो आणि मत त्याच उमेदवाराच्या बेरजेत जाते. इथे डाव खेळून मिळणार काय? उरलेली शंका नियम आधीच लिहून काढला की मिटते: कमाल संख्या, किती टक्के फरक चालेल, घर आणि इमारत फोडायची नाही, आणि एकाच इमारतीत मर्यादेपेक्षा जास्त मतदार असतील तर मजल्यांनुसार वाटणी. हा नियम संगणकालाही शिकवता येतो. केंद्रे वाढली की कर्मचारी वाढतात, हा दुसरा आक्षेप. पण तो खर्च 1200 च्या मर्यादेने आधीच स्वीकारलेला आहे, कापण्याची जागा बदलल्याने त्यात भर पडत नाही. अडचण खरी आहे ती झोपडपट्ट्यांत, जिथे घर क्रमांकच धड नाहीत आणि नवी नावे पुरवणी यादीत शेवटी जाऊन बसतात. तिथे आधी बीएलओने, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, प्रत्यक्ष फिरून यादीचा क्रम लावायला हवा. क्रमच विस्कटलेला असेल तर कोणतीही विभागणी फसणार.

मतदान केंद्रांची प्रारूप यादी हरकतींसाठी खुली होते आणि राजकीय पक्षांशी त्यावर बैठकाही होतात. त्या बैठकांना जाणाऱ्या प्रतिनिधींनी केंद्राचा पत्ता पाहून समाधान मानू नये. आपल्या भागाची यादी कोणत्या नावापाशी तुटली आहे ते तपासावे, आणि ती एखाद्या घरात तुटली असेल तर मुदतीत लेखी हरकत द्यावी.