निगेटिव्ह रद्दीत घालू नका

बडोद्याच्या मराठी घरांतून १९८० च्या सुमाराचे रंगीत फोटो तांबूस पडत आहेत, आणि त्यांच्या निगेटिव्हची पाकिटे रद्दीत चालली आहेत. ती जपावीत व अंधारखोलीत त्यांवरून कृष्णधवल प्रत काढून घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. रंगीत फोटोत राहतो तो रंग, आणि तो उडतो; ब्रोमाइड कागदावर राहते ती चांदी, नीट धुतली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी.

अडचण आहेच. हा कागद निळा प्रकाश ओळखतो, तांबडा ओळखत नाही. आणि रंगीत निगेटिव्हची नारिंगी झाक नेमका निळाच अडवते. त्यामुळे एक्सपोझर लांबते, चित्र फिके येते, हार्ड कागद घ्यावा लागतो. शिवाय तांबडे ते काळे उतरते. सुरतेच्या कोसाड भागातील एका स्नेह्याने माझ्या वडिलांची अशी प्रत काढून दिली. दरबारी लाल पगडी पार काळवंडली, ओठही. आई म्हणाली, “हे ते नव्हेत.” पण त्याच गुणाने सारंगीवरच्या बोटांचे, नखांच्या मुळाशी पडलेले घट्टे असे उमटले, की रंगीत फोटोत ते कधी दिसलेच नव्हते!

सर्व रंग ओळखणारा पॅनाल्यूर कागद कोडॅक काढीत असे. २००५ मध्ये त्या कंपनीने कृष्णधवल कागद बनवणेच थांबवले. संगणकावर पगडीची छटा सुधारते, हे मान्य. आमच्या दिवाणखान्यात मात्र काळी पगडीच लागली आहे.